दुरुस्तीच्या हातांनी घडवलेलं इंजिन

दिल्लीत चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात मीटरगेजचं एक लहानखुरं वाफेचं इंजिन उभं आहे. नंबर एफ-७३४. आसपासच्या धिप्पाड ब्रॉडगेज इंजिनांत ते पटकन नजरेत भरत नाही. पण भारतात बांधलेलं पहिलं इंजिन म्हणून रेल्वे ज्याचा मान करते, ते हेच. १८९५ साली ते अजमेरच्या रेल्वे कारखान्यात तयार झालं. त्याआधी चाळीसेक वर्षं या देशात आगगाडी धावत होती, पण तिला ओढणारी इंजिनं बोटीने विलायतेहून यायची.

इंजिन अजमेरचं, मुक्काम दिल्लीत. मग मुंबईतल्या लोअर परळच्या माणसाने त्याची गोष्ट का वाचावी? कारण अजमेरचा तो कारखाना आणि लोअर परळचं वर्कशॉप तेव्हा एकाच कंपनीच्या हाताखाली होते. ती कंपनी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या मुंबईकरांची बीबीसीआय. शिवाय हे इंजिन ज्या रेल्वेसाठी घडलं, तिचा एक हिस्सा इंदूरच्या होळकरांच्या पैशावर उभा राहिला होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हे इंजिन इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात बनलेलंच नाही. ते बनलं दुरुस्तीच्या कारखान्यात. लोअर परळला जे काम रोज चालायचं, त्याच प्रकारच्या कामातून.

बोटीतून उतरलेली इंजिनं

मुंबईने पहिलं इंजिन पाहिलं ते १८५२ साली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांचं नाव त्याला दिलं होतं, आणि ते लोहमार्गाच्या बांधकामावर माल वाहण्यासाठी आणलं होतं. पुढच्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि गाडीला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची, ही इंजिनं इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीने बांधली होती.

एवढं अवजड यंत्र जहाजातून यायचं, तर ते सुटं करूनच पाठवावं लागे. बॉयलर वेगळा, चाकं वेगळी, सिलिंडर वेगळे. इथे उतरवून घ्यायचं, नकाशे पुढे ठेवून जोडायचं, चालवून पाहायचं. म्हणजे रेल्वे सुरू व्हायच्या आधीपासूनच इंजिन जोडणारे हात इथे लागत होते. त्यातून वर्कशॉपं आली. जीआयपीचं वर्कशॉप आधी भायखळ्याला होतं, ते १८७९ मध्ये परळला आलं. बीबीसीआयचा मार्ग १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोहोचला, १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत लोकल धावली, आणि १८७० च्या दशकात लोअर परळला बीबीसीआयचंही वर्कशॉप उभं राहिलं. परळच्या पूर्वेच्या अंगाला एका कंपनीचा कारखाना, पश्चिमेच्या अंगाला दुसरीचा. भोवताली गिरण्यांची धुराडी वाढत गेली आणि या भागाला गिरणगाव हे नाव पडलं. पण त्याच भागात लोखंडाचं कामही तितक्याच जोमाने चाललं होतं, ही गोष्ट गिरण्यांच्या आठवणींत थोडी मागे पडते.

वर्कशॉपात इंजिन आलं की

वाफेचं इंजिन हे सतत झिजणारं यंत्र आहे. भट्टीत कोळसा जळतो, त्याचे गरम वायू बॉयलरमधल्या लांब नळ्यांतून जातात, नळ्यांभोवतीचं पाणी उकळतं, वाफ दाबाखाली सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्या पुढेमागे होतो आणि दांड्यांमार्फत चाकं फिरतात. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात या साखळीतला प्रत्येक तुकडा कशाने ना कशाने मरत असतो. पाण्यातल्या क्षारांची पुटं नळ्यांवर बसतात, उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, नळ्या जळतात. भट्टीच्या भिंती तापून-निवून फाकतात. सिलिंडरची नळी झिजून अंडाकृती होते आणि वाफ वाया जायला लागते. दांड्यांच्या टोकांची पितळी बेअरिंगं सैल होतात. चाकांच्या कडा रुळांवर घासून पातळ होतात.

म्हणून ठरावीक धाव झाली की इंजिन वर्कशॉपात यायचंच. तिथे ते चाकांवरून उचलून घेत, बॉयलर बाहेर काढत, जुन्या नळ्या कापून नव्या बसवत. भट्टीच्या भिंतींना धरून ठेवणारे शेकडो खिळे तपासून बदलत. सिलिंडर पुन्हा कोरून गोल करत. चाकाचं पोलादी टायर झिजलं असेल तर लेथवर चढवून त्याला पुन्हा आकार देत, आणि फारच पातळ झालं असेल तर नवं घालत. नवं टायर चाकापेक्षा किंचित लहान असतं. ते तापवून फुगवायचं, चाकावर चढवायचं आणि निवू द्यायचं, की ते आवळून बसतं. गावाकडचा लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतो, तीच युक्ती.

या कामाला लागणारे सुटे भाग दर वेळी इंग्लंडहून मागवणं परवडण्यासारखं नव्हतं. मागणीचं पत्र जाणार, माल तयार होणार, बोटीने येणार, तोवर इंजिन महिनोन्महिने बसून राहणार. त्यामुळे प्रत्येक मोठ्या वर्कशॉपात ओतशाळा आली, लोहारशाळा आली, बॉयलर शॉप आलं. वाळूचे साचे करून त्यात लोखंड आणि पितळ ओतणारे, घणाखाली दांडे ठोकून काढणारे, लेथवर दोऱ्याइतकी जाडी उतरवणारे कारागीर तयार झाले. आज हा भाग बनवला, उद्या तो. वीसेक वर्षांत अशी स्थिती आली की, इंजिनाचा असा भाग क्वचितच उरला, जो या कारागिरांनी एकदा तरी स्वतः बनवून बसवला नव्हता.

इथेच एफ-७३४ चं बीज आहे. सगळे भाग बनवता येतात आणि सगळे भाग जोडता येतात, मग आख्खं इंजिन का नाही?

अरुंद रूळ आणि होळकरांचे एक कोटी

हा प्रश्न मुंबईऐवजी अजमेरला सुटला, याचं कारण समजायला गेजकडे, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराकडे, वळावं लागतं. भारतातल्या पहिल्या रेल्वे १,६७६ मिलिमीटर रुंदीच्या ब्रॉडगेजवर बांधल्या गेल्या. त्या महागड्या पडल्या. खाजगी कंपन्यांना सरकारने भांडवलावर पाच टक्के परतावा हमखास देऊ केला होता, त्यामुळे खर्चाला लगाम घालायची त्यांना फारशी निकड नव्हती. १८७० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या कारकिर्दीत ठरलं की पुढचे पुष्कळसे मार्ग सरकार स्वतः बांधेल आणि ते १,००० मिलिमीटरच्या अरुंद मीटरगेजवर असतील. अरुंद रूळ म्हणजे हलके रूळ, लहान पूल, अधिक तीव्र वळणं आणि एकूण कमी खर्च.

याच काळात इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी आपल्या राज्यातून रेल्वे जावी म्हणून सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं. १८७० मधले एक कोटी! त्यातून खांडव्याहून इंदूरला जाणारी होळकर स्टेट रेल्वे झाली. खांडवा हे जीआयपीच्या मुंबई-जबलपूर मार्गावरचं स्टेशन, म्हणजे इंदूरचा माळवा मुंबईला जोडला गेला. वाटेत नर्मदा होती, आणि तिच्यापलीकडे विंध्याचा घाट चढायचा होता. त्याच घाटातल्या पातालपानी-कालाकुंड टप्प्यावर आज पर्यटकांसाठी मीटरगेजची गाडी चालते. होळकरांची ही लाइन, नीमचच्या दिशेने गेलेली सिंदिया-नीमच लाइन आणि दिल्ली-आग्र्याहून अजमेरमार्गे अहमदाबादकडे उतरणारी राजपुताना लाइन एकत्र येऊन राजपुताना-माळवा रेल्वे बनली. मालकी सरकारची. पण १८८५ पासून ती चालवण्याचं कंत्राट बीबीसीआयकडे आलं. आता मुंबईहून निघालेली बीबीसीआयची ब्रॉडगेज अहमदाबादला संपायची आणि तिथून त्याच कंपनीची मीटरगेज दिल्लीकडे सुरू व्हायची. प्रवाशाला गाडी बदलावी लागे आणि मालाचं पोतं न् पोतं एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत हलवावं लागे.

राजपुताना-माळव्याचं वर्कशॉप अजमेरला होतं. ते बंदरापासून शेकडो मैल आत. मुंबईत बोटीतून उतरलेलं इंजिन तिथे न्यायचं तर आधी ब्रॉडगेजवरून अहमदाबाद, मग माल हलवून मीटरगेजवर. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मीटरगेज सरकारी असल्यामुळे तिची इंजिनं सुरुवातीपासून ठरलेल्या नमुन्यांची होती. ब्रॉडगेजवर प्रत्येक कंपनी आपल्या लंडनच्या सल्लागाराकडून आपापली इंजिनं आखून घेई. मीटरगेजवर मालगाडीला एफ वर्गाचं इंजिन आणि प्रवासी गाडीला ओ वर्गाचं, असा साचाच पडून गेला. एकाच नमुन्याची शेकडो इंजिनं एका वर्कशॉपात वर्षानुवर्षं खोलून जोडली जात होती. अजमेरच्या फिटरला एफ इंजिनाचा नकाशा पाहायची गरज उरली नसेल.

एफ-७३४ कसं आहे

एफ वर्गाच्या इंजिनाची चाकांची मांडणी ०-६-० अशी लिहितात. पुढे मार्गदर्शक चाकं नाहीत, मध्ये सहा चाकं, मागेही आधाराची चाकं नाहीत. ही सहाही चाकं दांड्याने एकमेकांना बांधलेली, म्हणजे सगळी ओढणारी. इंजिनाचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर पडलं की रुळावर पकड घट्ट बसते, चाक जागच्या जागी गरगरत नाही आणि जड मालगाडी हलते. कोळसा-पाणी मागे जोडलेल्या टेंडरमध्ये.

याच्या शेजारी फेअरी क्वीन ठेवून पाहिलं की फरक कळतो. १८५५ मध्ये लीड्सच्या किट्सन, थॉम्प्सन अँड ह्यूइटसन या कारखान्याने बांधलेलं हे इंजिन ईस्ट इंडियन रेल्वेवर हावडा-राणीगंज धावलं. त्याची मांडणी २-२-२, म्हणजे ओढणारी चाकांची जोडी एकच, पण व्यास सहा फूट. एका फेऱ्यात जास्त अंतर, त्यामुळे हलक्या टपालगाडीला वेग मिळे, पण जड ओझं त्याच्याने ओढवलं नसतं. फेअरी क्वीन डौलाचं इंजिन आहे, एफ-७३४ कष्टाचं. सांभरचं मीठ, धान्य, कापूस अशा मालाने भरलेल्या मार्गांवर असलंच इंजिन लागे. १८९९-१९०० च्या दुष्काळात, राजस्थानात ज्याला छप्पनिया म्हणतात त्यात, या भागाला धान्य पुरवण्याचं कामही याच मीटरगेजवर पडलं.

‘पहिलं भारतीय इंजिन’ म्हणताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. टाटांच्या साकचीच्या कारखान्यात पोलाद तयार झालं ते १९१२ मध्ये. त्यामुळे १८९५ च्या इंजिनाला लागणारं पोलाद परदेशीच होतं. आराखडाही विलायती वळणाचा. भारतीय होतं ते काम: ओतणं, ठोकणं, कातणं, जोडणं आणि सगळं एकत्र आणून ते चालतं आहे याची खात्री करणं. चार वर्षांनी, १८९९ मध्ये, बिहारमधल्या जमालपूरच्या कारखान्यातून लेडी कर्झन नावाचं ब्रॉडगेज इंजिन बाहेर पडलं. तोही ईस्ट इंडियन रेल्वेचा दुरुस्तीचाच कारखाना.

जमलं, तरी पुढे का सरकलं नाही?

अजमेरने पुढच्या चार-साडेचार दशकांत चारशेहून अधिक इंजिनं बांधली, जमालपूरने दोनशेहून अधिक. दोन्ही मिळून सातशेच्या आत. ब्रिटनहून भारतात आलेली इंजिनं मात्र कित्येक हजार. कारागिरांची कुवत सिद्ध झाली होती, मग हा फरक एवढा का?

उत्तर कारखान्यात सापडत नाही, ते लंडनमध्ये सापडतं. रेल्वे कंपन्यांची संचालक मंडळं तिथे, सल्लागार अभियंते तिथे, खरेदीचे निर्णय तिथे आणि ग्लासगो-मँचेस्टरचे इंजिन-कारखानदार त्यांच्या शेजारी. भारतीय वर्कशॉपांचं काम दुरुस्तीचं ठरलेलं होतं. दुरुस्तीतून हात मोकळे झाले तर इंजिन बांधायचं, एवढीच मुभा. पहिल्या महायुद्धात बोटी अडल्या आणि परावलंबनाचा फटका सरकारलाही बसला. त्यानंतर जमशेदपूरजवळ पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी स्थापन झाली. सरकारच्या मागणीच्या भरवशावर ती उभी होती. मागणी आलीच नाही आणि एकही इंजिन न बांधता कारखाना सरकारने विकत घेतला. त्याच जागेवर १९४५ मध्ये टेल्को उभी राहिली, आणि स्वातंत्र्यानंतर तिने मीटरगेजची वाफेची इंजिनं बांधली. १९५० मध्ये चित्तरंजनचा कारखाना सुरू झाला. अजमेरच्या पहिल्या इंजिनापासून इथवर यायला पंचावन्न वर्षं गेली. तंत्र शिकायला एवढा वेळ लागला नव्हता. तो लागला परवानगी मिळायला.

काय टिकलं, काय गेलं

आता मुंबईचं पाहू. साहिब, सिंध आणि सुलतान यांपैकी एकही इंजिन आज उरलेलं नाही. फॉकलंडही नाही. ज्या शहरातून पहिली गाडी निघाली, त्याने बोरीबंदरची भव्य इमारत जपली, चर्चगेटची बीबीसीआयची इमारत जपली, पण १८५३ चं इंजिन जपलं नाही. यात हलगर्जीपणा होता असं म्हणणं सोपं आहे. पण इंजिन निकामी झालं की त्यात उरतं ते लोखंड, तांबं आणि पितळ, आणि त्याची किंमत लगेच हातात पडते. मुंबईत कामाचा वेगही मोठा. नवी, ताकदीची इंजिनं आली की जुनी मोडीत. शिवाय वाफच इथून लवकर निघाली. हार्बरवर १९२५ मध्ये आणि बीबीसीआयच्या कुलाबा-बोरिवली मार्गावर १९२८ मध्ये विजेच्या लोकल सुरू झाल्या. १९२६ मध्ये दाहोदला नवा कारखाना उभा राहिला आणि ब्रॉडगेज इंजिनांचं मोठं काम तिकडे गेलं. लोअर परळकडे डबे राहिले.

जी जुनी इंजिनं टिकली, ती बहुतेक आडबाजूला राहिल्यामुळे. फेअरी क्वीन १९०९ नंतर हावड्याला आणि पुढे चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत होतं. मीटरगेजची लाइन तर साधेपणाची. तिथे जुन्या इंजिनांकडून लहानसहान कामं करून घ्यायची पद्धत दीर्घकाळ होती. १९७० च्या आसपास माइक सॅटो या भारतात नोकरी करणाऱ्या ब्रिटिश हौशी माणसाने देशभरच्या शेडांतून अशी इंजिनं हुडकून काढायला रेल्वेला मदत केली. त्यातून १९७७ साली दिल्लीचं संग्रहालय उघडलं.

जपणुकीचे दोन रस्ते असतात आणि दोघांचीही किंमत मोजावी लागते. फेअरी क्वीन १९९७ मध्ये पुन्हा रुळावर आलं, दिल्ली-अलवर धावलं आणि चालू स्थितीतलं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनीजच्या नोंदीत गेलं. पण चालतं ठेवायचं तर बॉयलर सुरक्षित हवा, नळ्या नव्या हव्यात, झिजलेलं बदलायला हवं. नंतर त्याचे भाग चोरीला गेले, तेव्हा चेन्नईच्या पेरांबूर वर्कशॉपाने त्याची पुन्हा उभारणी केली. चालतं इंजिन वाफेचा जिवंत अनुभव देतं, पण त्यातला मूळ धातू दर दुरुस्तीत कमी होत जातो. उभं ठेवलेलं इंजिन मूळ धातू राखतं, पण त्याचा आवाज, वास, उष्णता सगळं गेलेलं असतं. एफ-७३४ उभं आहे. ते बरंच आहे, कारण त्याचं मोल धावण्यापेक्षा घडणीत आहे. कारागिराच्या हाताची खूण शोधायची, तर ती अशाच इंजिनावर सापडेल.

मात्र नुसतं इंजिन ठेवून ही गोष्ट पुरी होत नाही. फलकावर वर्ष, वर्ग, वजन आणि कारखान्याचं नाव असतं. ते कोणी ओतलं, कोणी ठोकलं, कोणी जोडलं, हे कुठेच नसतं. इंग्लंडमधल्या कारखान्यांनी आपल्या इंजिनांवर पितळी पाट्या ठोकल्या आणि कारखान्याची नावं अजरामर केली. दुरुस्तीच्या कारखान्यातल्या माणसाचं काम दुसऱ्याच्या पाटीखाली झाकलेलं राहिलं. लोअर परळ आणि परळ या दोन्ही वर्कशॉपांत कामगारांच्या पिढ्या गेल्या. आजोबा लोहारशाळेत, वडील लेथवर, मुलगा फिटर, असं इथल्या चाळींतल्या पुष्कळ घरांत घडलं. गिरण्यांच्या संपाने गिरणी कामगार तरी शहराच्या लक्षात राहिला. रेल्वे वर्कशॉपचा कामगार भिंतीआडच राहिला.

लोअर परळ स्टेशनपासून फार दूर नसलेल्या वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात रेल्वेचं एक इंजिन, जुनी ट्राम आणि वाफेवर चालणारी लॉरी ठेवलेली आहे. शाळेच्या सहली तिथे येतात. यंत्र कसं चालतं हे मुलांना तिथे नीट कळतं. ते ज्या गल्ल्यांतून आले, त्याच गल्ल्यांतली माणसं अशी यंत्रं खोलून पुन्हा उभी करत होती, हे कळायला मात्र काही नाही. म्हणून इंजिनांबरोबर वर्कशॉपांचा ऐवजही जपायला हवा: लाकडी साचे, मापाची हत्यारं, हजेरीची पुस्तकं, नकाशे आणि निवृत्त कामगारांच्या तोंडची माहिती. हा ऐवज भंगारात काढायला सर्वांत सोपा, आणि एकदा गेला की परत न येणारा. एफ-७३४ ने १८९५ मध्येच दाखवून दिलं होतं की दुरुस्तीचं ज्ञान हे दुय्यम ज्ञान नसतं. जो यंत्र नीट दुरुस्त करतो, तो ते घडवूही शकतो. मुंबईत हे ज्ञान मोठ्या प्रमाणावर होतं. त्याचा पुरावा ठेवायचा की नाही, एवढंच आता आपल्या हातात आहे.